टाळी आणि मत
(नभोवाणीवरील भाषण)

सिन्नरसारख्या तालुक्याच्या गावी आयुष्यभर मास्तरकी केलेल्या मनुष्याने राजकारणाच्या विषयावर बोलावे, हे काहींना धाडसाचे वाटेल. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. विद्वत्तेचा दावा मी करू इच्छीत नाही. तथापि शाळामास्तराला दोन गोष्टी फार जवळून पाहावयास मिळतात. एक म्हणजे मुलांचे खेळ आणि दुसरी म्हणजे निवडणुका. निवडणूक कोणतीही असो, मतदान केंद्रावर बसण्याची पाळी शिक्षकावर येतेच. लोकांच्या बोटांना शाई लावता लावता माझी पुष्कळ वर्षे गेली आणि तेवढीच वर्षे मैदानाच्या कडेला शिटी घेऊन उभे राहण्यात गेली. या दोन जागी मला दिसत ती माणसे बहुधा तीच असत. रविवारी सामन्यात ओरडून घसा बसलेला तरुण पुढच्या आठवड्यात माझ्यापुढे मतदार म्हणून उभा राही. तेव्हा मनात प्रश्न येई की, मैदानावर ज्याचा त्याने जयजयकार केला त्याचा काही अंश तो मतदानाच्या आडोशामागे बरोबर नेतो काय?

आजच्या भाषणाचा विषय हाच आहे. निवडणूक जवळ आली की गावोगाव चषकांच्या स्पर्धा भरतात. मंडपावर पुढाऱ्यांची छायाचित्रे लागतात. निवडणूक आयोगाच्या मुक्त चिन्हांच्या यादीत बॅट आहे, फलंदाजही आहे. खेळावरील प्रेम मतांत उतरते असा उमेदवारांचा विश्वास आहे, हे यावरून उघड होते. तो विश्वास कितपत खरा आहे, हे इतिहासात शोधून पाहू.

हा संबंध आजकालचा नाही. इसवी सनाच्या सहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपल नगरीत रथांच्या शर्यती होत आणि प्रेक्षकांचे निळे व हिरवे असे दोन मोठे पक्ष असत. रथ हाकणाऱ्यांच्या पोषाखाच्या रंगावरून ही नावे पडली. त्या काळी तेथे मताचा अधिकार कोणास नव्हता. म्हणून सम्राटाकडे करावयाची तक्रार लोक शर्यतीच्या मैदानातच ओरडून करीत. ५३२ सालच्या जानेवारीत एरवी एकमेकांच्या जिवावर उठणारे निळे आणि हिरवे एक झाले आणि ‘जिंका, जिंका’ अशी आरोळी देत त्यांनी सम्राट जस्टिनियन याच्याविरुद्ध बंड केले. नगरीचा मोठा भाग जळाला. शेवटी सैन्याने त्याच मैदानात लोकांना कोंडून कापून काढले. तत्कालीन इतिहासकार प्रोकोपियस मृतांचा आकडा तीस हजारांवर सांगतो. ज्या लोकांना मत नाही त्यांची आरोळी हेच त्यांचे मत होते, आणि त्या मताचा शेवट असा झाला.

अलीकडच्या काळात येऊ. १९७० साली इंग्लंडमध्ये सार्वत्रिक निवडणूक होती. १८ जून हा मतदानाचा दिवस. त्याच्या चार दिवस आधी मेक्सिकोत जागतिक फुटबॉल स्पर्धेत इंग्लंडचा संघ पश्चिम जर्मनीविरुद्ध दोन गोलांनी पुढे असता तीन विरुद्ध दोन असा हरला. पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांचा पक्ष निवडून येईल असा बहुतेकांचा होरा होता. प्रत्यक्षात तो पडला. त्या पराभवाचे खापर पुष्कळांनी फुटबॉलवर फोडले. चाळीस वर्षांनी, २०१० साली, अमेरिकेतील काही अभ्यासकांनी असा निष्कर्ष प्रसिद्ध केला की, निवडणुकीपूर्वी त्या त्या भागातील विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला, तर सत्तेवर असलेल्या पक्षाला किंचित अधिक मते पडतात. हा लाभ शेकडा दीडपेक्षा थोडा जास्त सांगितला गेला. परंतु २०१५ साली दुसऱ्या अभ्यासकांनी तेच आकडे पुन्हा तपासून हा केवळ योगायोग असावा असे मत मांडले. विद्वानांतच असा वाद असता आपण घाईने निर्णय देणे बरे नव्हे.

आपल्या देशाचेच पाहा. २०११ साली एप्रिलच्या दुसऱ्या तारखेस मुंबईत वानखेडे मैदानावर भारताने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. त्या रात्री आमच्या सिन्नरच्या पेठेतही कोणी झोपले नाही. तीन वर्षांनी, २०१४ साली, त्या वेळी केंद्रात सत्तेवर असलेल्या काँग्रेस पक्षाचे लोकसभेत अवघे ४४ सभासद निवडून आले. चषकाचा आनंद तीन वर्षे टिकत नाही, असे कोणी म्हणेल, आणि ते बरोबरही असेल. पण मग तो आनंद मतदानापर्यंत पोहोचतो कसा, हे सांगण्याची जबाबदारी तसा दावा करणाऱ्यावर येते. उलट २००९ साली लोकसभेची निवडणूक आणि क्रिकेटची इंडियन प्रीमियर लीग एकाच वेळी आली, तेव्हा दोहोंच्या बंदोबस्ताला पोलीस पुरेनात. म्हणून खेळच उचलून दक्षिण आफ्रिकेत न्यावा लागला. निवडणूक मात्र जागची हलली नाही.

संघाच्या जयापजयाची गोष्ट झाली. आता खेळाडू स्वतःच उमेदवार म्हणून उभा राहिला म्हणजे काय होते ते पाहू. या बाबतीत आपल्या महाराष्ट्रात घडलेले एक उदाहरण जगाच्या इतिहासात शोधूनही क्वचित सापडेल. ते उदाहरण १९३७ सालचे. एका बाजूला डॉ. भीमराव आंबेडकर आणि दुसऱ्या बाजूला हिंदुस्थानातील पहिले थोर गोलंदाज बाळू पालवणकर.

ही हकिकत समजण्यासाठी मुंबईच्या मैदानाचा थोडा पूर्वेतिहास पाहिला पाहिजे. मुंबईत प्रथम युरोपियन आणि पारशी यांच्यात सामने होत. १९०७ साली हिंदूंचा संघ आला व सामने तिरंगी झाले. १९१२ साली मुसलमानांचा संघ आला व ते चौरंगी झाले. याच काळात, १९०९ साली, मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. धर्मावार संघ आणि धर्मावार मतदारयादी ही दोन्ही झाडे एकाच हंगामात लागली. पुढे १९३७ साली ख्रिस्ती वगैरे उरलेल्या समाजांचा ‘अवशिष्ट’ संघ आला आणि सामने पंचरंगी झाले. विजय हजारे यांच्यासारखा मराठी ख्रिस्ती फलंदाज याच संघाकडून खेळे. १९४३ साली हिंदूंविरुद्ध त्यांनी संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्याने ३०९ धावा केल्या, हे आमच्या पिढीने वडील मंडळींच्या तोंडून ऐकले आहे. १९३०च्या पुढे या सामन्यांची धावती वर्णने ए. एफ. एस. तल्यारखान यांच्या आवाजात नभोवाणीवरून ऐकू येऊ लागली आणि मैदानावरची आरोळी घराघरांत शिरली.

या मैदानावर बाळू पालवणकर उभे राहिले. त्यांचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. समाज चर्मकार, म्हणजे त्या काळच्या भाषेत अस्पृश्य. वडील लष्करी नोकरीत असल्याने मुले पुण्यास वाढली. बाळू प्रथम पारशांच्या मैदानावर झाडलोटीला लागले, नंतर युरोपियनांच्या पूना क्लबात महिना चार रुपयांवर. खेळपट्टी लोळवावी, जाळी बांधावी आणि साहेब लोकांना सरावासाठी चेंडू टाकावे, हे काम. ग्रेग नावाचे एक नामांकित फलंदाज लवकर येऊन त्यांच्याकडून सराव करून घेत आणि आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे देत, अशी गोष्ट सांगतात. डाव्या हाताने टाकलेली ती संथ, वळणारी गोलंदाजी तेथे घडली. साहेबांनी त्यांच्या हातात बॅट मात्र दिली नाही.

पुण्याच्या हिंदूंना युरोपियनांना हरवावयाचे होते, आणि हरवू शकणारा गोलंदाज अस्पृश्य होता. पुष्कळ चर्चा होऊन त्यांना संघात घेतले गेले. मैदानावर सर्वांनी एकच चेंडू हाताळावयाचा. चहाची वेळ झाली की बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे आणि जेवणाचे पान निराळे मांडले जाई. १८९६च्या प्लेगच्या सुमारास ते मुंबईस आले. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ विलायतेस गेला. संघ बहुतेक सामने हरला. पण त्या उन्हाळ्यात एकट्या बाळूंनी ११४ गडी बाद केले. ते परत आले तेव्हा मुंबईतील अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या समाजातील त्या वेळच्या विद्यार्थ्यांना ते केवढा आधार वाटत असतील याची कल्पना करा. तरुण आंबेडकरही त्यांच्याविषयी आदर बाळगून होते.

तरीही हिंदू संघाचे नेतृत्व बाळूंना मिळाले नाही. १९२० साली त्यांना डावलले गेले तेव्हा त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल व शिवराम यांनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले. लोकांत चर्चा झाली, वर्तमानपत्रांत लिहिले गेले आणि पुढे विठ्ठल पालवणकर कर्णधार झाले. १९२३ साली त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी युरोपियनांना हरवून चौरंगी सामने जिंकले. या विजयाने पुष्कळांना असे वाटले की, अस्पृश्यतेची गाठ सुटू लागली. मैदानावर गुणाला मान मिळाला, आता विहिरीवर आणि देवळातही मिळेल.

डॉ. आंबेडकरांना तसे वाटत नव्हते, आणि का वाटत नव्हते हे आमच्या नाशिक जिल्ह्याला कोणी सांगावयास नको. सिन्नरपासून दहा कोसांच्या आत नाशिकचे काळाराम मंदिर आहे. १९३० सालच्या मार्चच्या दुसऱ्या तारखेस तेथे सत्याग्रह सुरू झाला आणि वर्षानुवर्षे चालूनही मंदिराचे दार उघडले नाही. पंचवटीत ज्यांनी दगड खाल्ले त्यांच्यापुढे चौरंगी सामन्यांतील टाळ्यांची मातब्बरी काय असणार? १९३५ सालच्या ऑक्टोबरात आमच्याच जिल्ह्यातील येवल्यास डॉक्टरांनी जाहीर केले की, आपण हिंदू म्हणून मरणार नाही.

बाळू पालवणकरांचा कल गांधीजींच्या मार्गाकडे होता. सवर्णांच्या हृदयात पालट होईल, ही त्या मार्गावरची श्रद्धा. आणि ज्या मनुष्याने मातीच्या भांड्यापासून कर्णधारपदाच्या उंबरठ्यापर्यंतचा प्रवास एका जन्मात पाहिला, त्याला ती श्रद्धा वाटावी यात नवल नाही. १९३२ सालच्या सप्टेंबरात पुणे करार झाला, त्यावर आंबेडकरांची सही आहे आणि बाळूंचीही. त्या करारानेच स्वतंत्र मतदारसंघांच्या जागी राखीव जागा आणि संयुक्त मतदारसंघ आले. १९३३ साली बाळू मुंबई महानगरपालिकेच्या एका जागेसाठी उभे राहिले व पडले. नंतर १९३५च्या कायद्यान्वये प्रांतिक विधानसभांच्या निवडणुका आल्या. आंबेडकरांनी १९३६ सालच्या ऑगस्टात स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला होता. मुंबईच्या गिरणगावाच्या भागातून ते स्वतः राखीव जागेसाठी उभे राहिले. त्यांच्याविरुद्ध कोणास उभे करावे हा काँग्रेसपुढील प्रश्न होता. काँग्रेसने साठीच्या घरातील बाळू पालवणकरांना पुढे केले.

श्रोतेहो, ही निवड करणाऱ्यांचा हिशेब काय असेल ते ध्यानात घ्या. आंबेडकरांच्या विद्वत्तेशी वाद घालू शकेल असा मनुष्य मिळणे कठीण. पण ज्याच्या नावाने तीस वर्षे मैदाने दुमदुमली, ज्याच्याविषयी हिंदूंना आणि अस्पृश्यांना सारखाच अभिमान, असा मनुष्य मिळू शकत होता. टाळीचे रूपांतर मतात होते की नाही, याची याहून चोख परीक्षा कोणी मुद्दाम ठरवूनही घेतली नसती.

१९३७ सालच्या फेब्रुवारीत मतदान झाले. डॉ. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली आणि बाळू पालवणकरांना ११,२२५. अंतर २,०२० मतांचे.

या आकड्यांचा अर्थ लावताना दोन गोष्टी विसरता कामा नयेत. पहिली अशी की, त्या वेळी मताचा अधिकार सर्वांस नव्हता. मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांच्या अटी होत्या, आणि साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मतदार होते सुमारे तीन कोटी. झाडावर चढून आणि भिंतीवर बसून सामना पाहणाऱ्या पुष्कळांना बाळूंसाठी टाळी वाजवता येत होती, मत देता येत नव्हते. दुसरी गोष्ट अशी की, मुंबई इलाख्यात जेथे एकाहून अधिक जागा असत तेथे मतदाराला तितकी मते असत आणि ती सर्व एकाच उमेदवाराला देण्याची मोकळीक असे. म्हणून तेरा हजार मते म्हणजे तेरा हजार माणसे असे समजू नये. ज्याच्यावर मतदाराची अढळ निष्ठा, त्याला एका माणसाकडून सर्व मते मिळत. गुणाचे कौतुक करणारा आपली मते वाटून देण्याचा संभव अधिक. ज्याला उमेदवारात आपला तारणहार दिसतो तो वाटणी करीत नाही.

बाळूंच्या पदरी पडलेली अकरा हजार मते थोडी नव्हेत. त्यांतली किती मते त्यांच्या डाव्या हाताला पडली, किती काँग्रेसला आणि किती गांधीजींना, याचा निवाडा आता होणे नाही. चर्मकार आणि महार या दोन समाजांतील अंतराचाही त्यात भाग असणारच. परंतु एवढे निश्चित की, आपल्या काळातील सर्वांत लाडका खेळाडू, सर्वांत बलाढ्य पक्षाचा आधार असतानाही, आंबेडकरांना हटवू शकला नाही. मतदारांनी बाळूंचा अपमान केला असे कोठेही दिसत नाही. त्यांच्याविषयीचा आदर त्या दिवशीही होता आणि नंतरही राहिला. पण मत देताना माणूस आदराच्या बरोबरीने आणखी काही विचारतो. आमचे गाऱ्हाणे कोण मांडील, कायदा कोण करून घेईल, उद्या अडचण आली तर कोणाच्या दारात जावयाचे, हे त्याचे प्रश्न. त्यांचे उत्तर चेंडूच्या वळणातून मिळत नाही.

त्याच वर्षाची आणखी एक गंमत सांगतो. १९३७ सालच्या अखेरीस मुंबईत नवे ब्रेबर्न मैदान तयार झाले आणि पंचरंगी सामने तेथे भरावयाचे ठरले. प्रत्येक जिमखान्याला प्रेक्षकांच्या किती जागा, यावरून तंटा झाला. आपल्या वाट्याला जागा कमी आल्या म्हणून हिंदूंनी त्या वर्षी स्पर्धेतून अंग काढून घेतले. वर्षाच्या आरंभी विधानसभेच्या जागांचा प्रश्न आणि अखेरीला मैदानातील बाकांच्या जागांचा प्रश्न! समाजासमाजांचे भांडण एकदा हिशेबाच्या वहीत शिरले म्हणजे ते कोठे थांबेल याचा नेम नसतो. १९४० साली गांधीजींनी धर्मावार संघ पाडून खेळण्याच्या या पद्धतीला आपली नापसंती कळविली. अखेर १९४६ नंतर हे सामने बंद पडले. स्वतंत्र भारतात धर्मावार मतदारसंघही राहिले नाहीत. एकाच हंगामात लागलेली दोन झाडे जवळजवळ एकाच हंगामात उन्मळली.

कोणी विचारील, तर मग मतदाराचा निर्णय नेहमी बरोबर असतो काय? तसेही म्हणवत नाही. १९५२ साली पहिल्या लोकसभेच्या निवडणुकीत, राज्यघटनेचा मसुदा ज्यांच्या हातून तयार झाला त्या डॉ. आंबेडकरांना त्याच मुंबईत काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून पराभव पत्करावा लागला. बाळू पालवणकर १९५५ साली वारले आणि आंबेडकर १९५६ साली. दोघांनाही टाळी मिळाली, दोघांनाही पराभव मिळाला. विजयाने मनुष्य मोठा ठरतो असे मानणाऱ्यांनी या दोन चरित्रांकडे पाहावे.

पुढच्या काळातील उदाहरणे हेच सांगतात. भारताचे कर्णधार मन्सूर अली खान पतौडी १९७१ साली गुरगावहून आणि १९९१ साली भोपाळहून लोकसभेसाठी उभे राहिले. दोन्ही वेळा पडले. पुण्यात वाढलेले आणि महाराष्ट्राकडून खेळलेले चेतन चौहान उत्तर प्रदेशातील अमरोह्याहून १९९१ आणि १९९८ साली निवडून आले, पण १९९६ आणि १९९९ साली तेथेच पडले. महंमद अझरुद्दीन २००९ साली मुरादाबादेहून जिंकले आणि २०१४ साली राजस्थानात हरले. चौहान आणि अझरुद्दीन यांच्या नावावरील धावा या निवडणुकांच्या दरम्यान वाढल्या नाहीत की घटल्या नाहीत. बदलले ते दुसरेच काही. खेळातील कीर्ती उमेदवाराला लोकांच्या दारापर्यंत नेते. चेहरा ओळखीचा, नाव तोंडी, सभेला गर्दी. तेथून पुढे त्याला इतरांसारखेच चालावे लागते.

येथवर मी इतरांच्या गोष्टी सांगितल्या. आता स्वतःची एक सांगितल्यावाचून हे भाषण प्रामाणिक होणार नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका स्थानिक निवडणुकीला एक तरुण उभा राहिला. तो माझा विद्यार्थी. कबड्डीत त्याची चढाई पाहावयास आजूबाजूच्या खेड्यांतून लोक येत. एका जत्रेतील अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटाला त्याने तिघांना बाद करून आमच्या संघाला ढाल मिळवून दिली होती. त्या दिवशी मी धोतर सावरण्याचे भान न ठेवता नाचलो होतो. मत देण्याची वेळ आली तेव्हा मला दुसरा विचार सुचला नाही. मी स्वतः मत दिलेच. शिवाय घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि शाळेतील सहकाऱ्यांना सांगितले. तो निवडून आला.

आमच्या तालुक्याच्या पूर्वेकडील भागात पाऊस बेताचा. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत हंडे-कळशांच्या रांगा लागतात, हे दृश्य आम्हाला नवे नाही. त्या साली तर बायकांना पाण्यासाठी शेजारच्या वस्तीवर जावे लागले. निवडून आलेला आमचा वीर सभेत बसे, सही करी आणि उठून येई. पाण्याचा प्रश्न त्याने एकदाही मांडला नाही. मला संताप आला. एके दिवशी रस्त्यात गाठून मी त्याला मास्तरच्या आवाजात चार शब्द सुनावले. त्याने मान खाली घालून ऐकून घेतले आणि मग म्हणाला, “गुरुजी, मत मागायला मी तुमच्याकडे आलो, तेव्हा तुम्ही त्या ढालीच्या सामन्याच्याच गोष्टी काढल्या. पाण्याचं मला कोणी विचारलंच नाही. मला वाटलं, लोकांना मी नुसता पाहिजे.”

मला उत्तर देता आले नाही. वर्गात नागरिकशास्त्र शिकविताना मतदाराची कर्तव्ये मी फळ्यावर लिहून देत असे; त्यांतील एकही मी पाळले नव्हते. मुलगा खोटा नव्हता. त्याने मला फसविले नव्हते. मैदानावर त्याच्याकडून जे मागितले ते त्याने दिले होते; सभेत काय द्यावयाचे ते त्याला कोणी सांगितलेच नव्हते, आणि सांगण्याचे काम माझे होते.

त्या दिवसापासून मला प्रेक्षक आणि मतदार यांतील भेद कळू लागला. प्रेक्षकाचे प्रेम निर्मळ असते, कारण त्याला खेळाडूपासून स्वतःसाठी काही नको असते. आपला संघ जिंकावा, एवढेच. हरला तरी तो पुढच्या रविवारी पुन्हा येतो. खेळाच्या मैदानावर ही निष्ठा शोभते, तिच्यावाचून खेळाला रंग नाही. परंतु तीच निष्ठा उमेदवाराला वाहिली म्हणजे आपण त्याच्याकडून हिशेब मागण्याचा हक्क आपण होऊन सोडून देतो. मग आपला पक्ष हाच आपला संघ होतो, दुसऱ्या पक्षाच्या प्रत्येक कृत्यात खोडी दिसते, आणि आपल्या पुढाऱ्याने चूक केली तरी पंचाचाच निर्णय चुकीचा, असे वाटू लागते. आजच्या काळात पक्षांच्या अनुयायांची भाषा ऐकली तर ती मैदानावरची भाषा आहे असे पुष्कळदा भासते. खेळावरील प्रेम मतांवर किती परिणाम करते, याचा निकाल विद्वान लावोत. मतदार प्रेक्षकासारखा वागू लागला म्हणजे काय होते ते मात्र मी आमच्या तालुक्याच्या कोरड्या हौदांपाशी पाहिले आहे.

गिरणगावातील १९३७च्या मतदारांचे मला म्हणून कौतुक वाटते. त्यांपैकी कित्येकांनी बाळूंना खेळताना पाहिले असेल, त्यांच्यासाठी टाळ्या वाजविल्या असतील. तरी मत देण्याची घटका आली तेव्हा, बाळूंना दिलेले असो की आंबेडकरांना, ते मत कशासाठी द्यावयाचे याचा त्यांच्यापुढे सरळ प्रश्न होता. हृदयपालटावर विसंबावे की कायद्यावर? एवढा मोठा प्रश्न दोन उमेदवारांच्या रूपाने समोर उभा राहावा, हे भाग्य प्रत्येक मतदाराला लाभत नाही. ज्यांना लाभत नाही त्यांनी प्रश्न आपण होऊन विचारावयाचा असतो. उमेदवार दारी आला की त्याला बसवावे, पाणी द्यावे, त्याच्या जुन्या सामन्यांची आठवण अवश्य काढावी. आणि मग विचारावे, आमच्या नळाचे काय?

तो माझा विद्यार्थी आता आजोबा झाला आहे. पुढे तो पुन्हा निवडणुकीस उभा राहिला नाही. जत्रेच्या दिवशी आम्ही दोघे मैदानाच्या कडेला शेजारी शेजारी बसतो, आणि चढाई करणारा पोरगा मध्यरेषेला हात लावून परतला म्हणजे दोघेही मनापासून टाळ्या वाजवतो. मागील निवडणुकीत मी मत देऊन बाहेर आलो तेव्हा तो रांगेत उभा होता. मला पाहून हसला आणि म्हणाला, “काय गुरुजी, या खेपेला विचारून घेतलंत ना?”

मी होय म्हणालो.